स्टेशन ते समाधी : चिंचवडगावची वारसाफेरी

एखाद्या जुन्या वस्तीचा इतिहास जाणकाराच्या सोबतीने, पायी चालत, ज्या त्या जागेवर उभे राहून समजून घेणे म्हणजे वारसाफेरी. शहरी बोलीत तिला ‘हेरिटेज वॉक’ म्हणतात. भारतात या कल्पनेला महापालिकेच्या पातळीवर ठोस रूप दिले ते अहमदाबादने. तिथे १९ नोव्हेंबर १९९७ पासून काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंतची फेरी सुरू झाली. पुढे २०१७ मध्ये त्या जुन्या शहराला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. अशा फेरीला भव्य किल्ला किंवा राजवाडा लागतोच असे नाही. चालता येईल एवढे अंतर, एकमेकांशी नाते असलेली चार-पाच ठिकाणे आणि ते नाते उलगडून दाखवणारा मार्गदर्शक एवढ्यावर ती उभी राहते.

पिंपरी-चिंचवडमध्ये अशी फेरी सहज आखता येते, हे अनेकांना पटत नाही. २०११ च्या जनगणनेत १७ लाख २७ हजारांवर लोकसंख्या नोंदवलेले हे शहर कारखान्यांमुळे वाढले, तेव्हा त्याचा इतिहास पन्नास-साठ वर्षांचाच असणार, असे मानले जाते. पण महानगरपालिकेच्या नावातले चिंचवड हे पवनेच्या काठचे जुने गाव आहे. रेल्वे स्टेशनपासून गणेशभक्त सत्पुरुष मोरया गोसावी यांच्या नदीकाठच्या समाधी मंदिरापर्यंतचे अंतर जेमतेम दोन-तीन किलोमीटर. एवढ्या वाटेत विसाव्या शतकातून सुरुवात करून सतराव्या शतकापर्यंत मागे जाता येते, आणि प्रत्येक थांब्यावरच्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या थांब्याकडे नेते. म्हणूनच ही फेरी स्टेशनवरून सुरू करून नदीवर संपवणे सोयीचे पडते.

पहिला थांबा : रेल्वे आणि कारखाने

खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. बोरघाटातला मार्ग तेव्हा तयार नव्हता. मुंबईकडून आलेले प्रवासी घाटाच्या पायथ्याशी उतरत, पालखीने किंवा तट्टावरून घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. १८६३ मध्ये घाटातला मार्ग खुला झाला आणि मुंबई-पुणे प्रवास सलग झाला. चिंचवड या मार्गावर आल्याने पुण्याच्या वायव्येचे हे देवस्थानाचे गाव मुंबईशी जोडले गेले.

गावाचे शहर व्हायला मात्र आणखी शतक जावे लागले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने देशात पेनिसिलिन तयार करण्याची सोय इथे झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीच्या माळांवर औद्योगिक वसाहती वसल्या. आकुर्डीला बजाज, पिंपरी-चिंचवड परिसरात टेल्को असे मोठे कारखाने आले. सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान उद्योग त्यांच्याभोवती उभे राहिले. माल आणि कामगार यांची ने-आण करायला लोहमार्ग आणि जुना मुंबई-पुणे रस्ता शेजारी होतेच. १९७० मध्ये चार गावे मिळून नगरपालिका झाली आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिची महानगरपालिका झाली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण आणि परप्रांतांतून आलेल्या माणसांचे हे शहर असल्याने बहुसंख्य रहिवाशांना जुन्या गावठाणाचा इतिहास घरातून ऐकायला मिळालेला नाही. वारसाफेरीची गरज इथे जास्त आहे ती त्यामुळे.

रेल्वेने माणसे आणि माल आणला, तसा आजारही आणला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतल्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, रुग्ण ओळखला. साथीच्या भयाने मुंबई सोडणाऱ्या लोकांबरोबर प्लेग पुण्यात पोचला. तिथून ज्या घटना घडत गेल्या, त्यांचा धागा पुढच्या थांब्यावर सापडतो.

दुसरा थांबा : चापेकर चौक आणि चापेकर वाडा

स्टेशनकडून गावठाणात शिरताना चापेकर चौक लागतो. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हरी चापेकर या तीन भावांचे स्मारक या चौकात आहे आणि त्यांचा वाडा गावात आहे.

चापेकरांचे घराणे मूळचे खातेपिते होते. आजोबांच्या काळात व्यापारात खोट येऊन ते विपन्नावस्थेत आले. वडील हरिपंत कीर्तनावर चरितार्थ चालवू लागले आणि मुले त्यांच्यामागे साथीला उभी राहू लागली. गावोगाव हिंडणे, पाठांतर आणि लोकांपुढे उभे राहण्याची सवय हे सारे तरुणांना कीर्तनातून मिळाले. पुढे पुण्यात त्यांनी तालमीचा आणि शस्त्रांचा नाद धरला. धर्माविषयीचे त्यांचे विचार कर्मठ होते आणि सामाजिक सुधारकांवर त्यांचा राग होता. मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासण्याचे कृत्य आपलेच, असे दामोदरांनी पुढे कबूल केले. तुरुंगात त्यांनी मराठीत लिहिलेले आत्मवृत्त या साऱ्याचा मुख्य आधार आहे. त्यात स्वातंत्र्याची आच आणि सनातनी अभिमान एकमेकांत इतके मिसळलेले दिसतात की एकच बाजू सांगणारा मार्गदर्शक श्रोत्यांना अर्धाच इतिहास देतो.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा मंजूर केला. पुण्यात खास प्लेग समिती नेमून सनदी अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड याच्याकडे तिची सूत्रे दिली गेली. मार्च ते मे या काळात गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर झडती घेत होत्या. संशयितांना इस्पितळात आणि कुटुंबीयांना वेगळ्या छावणीत हलवले जाई. सामानसुमान बाहेर काढून जाळले किंवा धुवून काढले जाई. स्वयंपाकघरात आणि देवघरात बुटांसह शिरणारे शिपाई, बायकांची तपासणी, घरातल्या वस्तूंची नासधूस यांविरुद्ध तक्रारींचा पाऊस पडला आणि वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीतल्या सरकारी बंगल्यात व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ होता. आज त्याच वास्तूत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. समारंभाहून परतणाऱ्या रँडवर दामोदरांनी आणि लेफ्टनंट आयर्स्टवर बाळकृष्णांनी गोळी झाडली. आयर्स्ट जागीच मरण पावला, रँड ३ जुलैला. याच दरम्यान ‘केसरी’तील लेखनावरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली.

सरकारने माहिती देणाऱ्याला वीस हजार रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. द्रविड बंधूंनी दिलेल्या माहितीवरून दामोदर पकडले गेले आणि १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. निजामाच्या मुलखात लपलेले बाळकृष्णही पुढे हाती लागले. ८ फेब्रुवारी १८९९ रोजी धाकटे वासुदेव आणि त्यांचे सोबती महादेव विनायक रानडे यांनी द्रविड बंधूंना घराबाहेर बोलावून गोळ्या घातल्या. त्यानंतर मे महिन्यात वासुदेव ८ तारखेला, रानडे १० तारखेला आणि बाळकृष्ण १२ तारखेला फाशी गेले. तेरा महिन्यांच्या आत एका घरातले तीन मुलगे गेले.

या थांब्यावर दोन गोष्टी जोडून सांगण्याजोग्या आहेत. १८९७ चा साथरोग कायदा स्वातंत्र्यानंतरही रद्द झाला नाही. २०२० मध्ये करोनाच्या साथीत देशभर त्याचाच आधार घेतला गेला. दुसरी गोष्ट आजच्या चिंचवडची. क्रांतिवीर चापेकर स्मारक समितीने वाड्याचे जतन केले आणि तिच्याच पुढाकाराने भटक्या-विमुक्त समाजातल्या मुलांसाठी चिंचवडला गुरुकुल चालवले जाते. या कामाशी निगडित असलेले गिरीश प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

कीर्तनाच्या परंपरेत वाढलेले हे घर या गावात होते, त्याला कारण गावाचे स्वरूप. चिंचवडची वस्ती, पुरोहित, कारकून, इनामे आणि उत्सव यांचा केंद्रबिंदू ‘देव’ घराण्याचा वाडा होता. पुढची वाट तिकडेच जाते.

तिसरा थांबा : मंगलमूर्ती वाडा

चिंचवडच्या ‘देव’ घराण्याचे हे निवासस्थान आणि देवस्थानाच्या कारभाराचे केंद्र. मोरया गोसावी यांना मोरगावच्या कऱ्हा नदीत सापडलेली गणेशमूर्ती या वाड्यात आहे, अशी श्रद्धा आहे. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरनुसार नदीकाठच्या या मोठ्या वास्तूचा काही भाग नाना फडणवीसांनी आणि काही भाग हरिपंत फडके यांनी बांधवला. पेशवाईतला राज्यकारभाराचा मुख्य सूत्रधार आणि एक आघाडीचा सरदार यांनी एका देवस्थानासाठी असा खर्च करावा, यावरून चिंचवडचे त्या काळातले वजन लक्षात येते.

मोरया गोसावींच्या वंशात गणपतीचा अंश सात पिढ्या राहील, अशी समजूत होती. त्यामुळे गादीवरच्या पुरुषाला ‘देव’ मानत. मोरयांचे पुत्र चिंतामणी यांना हे बिरुद तुकाराम महाराजांनी दिले, अशी आख्यायिका आहे. चिंचवड आणि देहू ही एकाच पंचक्रोशीतली गावे असल्याने ती इथे आवडीने सांगितली जाते. नारायण महाराज देव यांच्याविषयीची कथा आणखी प्रसिद्ध आहे. औरंगजेबाने परीक्षा पाहण्यासाठी पाठवलेल्या झाकलेल्या ताटातल्या मांसाची फुले झाली आणि प्रसन्न होऊन बादशहाने आठ गावे इनाम दिली, असे ती सांगते. चमत्कार श्रद्धेचा भाग. पण चिंचवडच्या देवांकडे वेगवेगळ्या सत्तांनी दिलेली इनामे होती, हे कागदपत्रांतून सिद्ध आहे. या दप्तराच्या आधारे लॉरेन्स प्रेस्टन यांनी देव घराणे आणि राज्यसत्ता यांच्या संबंधांवर लिहिलेला ग्रंथ केंब्रिज विद्यापीठाने १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. राज्ये बदलली तरी देवस्थानाचे उत्पन्न टिकून कसे राहिले, हा त्याचा विषय. नव्या राज्यकर्त्याला जनमान्य देवस्थानाला सनद देऊन आपली सत्ता रुजवता येई आणि देवस्थानाला त्या सनदेमुळे गावांचा वसूल मिळे. गरज दोन्ही बाजूंना होती.

पेशवे स्वतः गणेशभक्त असल्याने अठराव्या शतकात हे संबंध आणखी घट्ट झाले. अष्टविनायकांपैकी मोरगाव, थेऊर आणि सिद्धटेक या तीन देवळांची व्यवस्था चिंचवड देवस्थानाकडे आली, ती आजही आहे. थेऊरचे देऊळ देव घराण्याने बांधले आणि थोरल्या माधवरावांनी त्याला लाकडी सभामंडपाची जोड दिली. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवरावांचे निधन तिथेच झाले. पेशवाईत चिंचवडला टाकसाळही होती.

देवांची कीर्ती इंग्रजांच्याही कानावर गेली होती. कॅप्टन एडवर्ड मूर याने १८०० मध्ये चिंचवडला भेट देऊन लिहिलेला वृत्तान्त पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत छापला गेला. वंशपरंपरेने चालणारे जिवंत दैवत हा त्याच्या कुतूहलाचा विषय होता. १८०९ च्या अखेरीस मारिया ग्रॅहम ही प्रवासी लेखिका आली. तिने पाहिलेले देव म्हणजे एक लहान मुलगा होता आणि त्याच्याविषयी तिने लिहिले ते श्रद्धेने नव्हे, युरोपीय पाहुण्याच्या अविश्वासाने. दोन्ही नोंदी बाहेरच्या माणसांच्या आहेत. त्यामुळे इनामाच्या सनदा आणि भक्तांच्या कथा यांच्या शेजारी ठेवूनच त्या वाचाव्या लागतात. १८१० मध्ये सातव्या देवांच्या निधनाने थेट वंश संपला आणि दूरच्या नात्यातल्या व्यक्तीला गादीवर बसवण्यात आले. आठच वर्षांनी पेशवाईही बुडाली.

देवस्थानाची परंपरा मात्र थांबली नाही. माघ आणि भाद्रपदात चिंचवडहून मंगलमूर्तींची पालखी मोरगावला जाते. मोरया गोसावी वयोमानाने थकेपर्यंत मोरगावची वारी करत, त्याची ही आठवण मानली जाते. गणपतीच्या जयघोषातला ‘मोरया’ याच सत्पुरुषाच्या नावावरून आला, असे महाराष्ट्रात सर्वत्र मानतात.

चौथा थांबा : समाधी मंदिर आणि पवनाकाठ

वाड्यापासून काही मिनिटांच्या अंतरावर, थेट पवनेच्या काठावर, मोरया गोसावींचे समाधी मंदिर आहे. देव वंशातल्या इतर पुरुषांच्या समाध्याही याच आवारात आहेत. मुख्य देऊळ ठेंगणे आणि साधे असून पेशवाईतल्या नक्षीदार देवळांचा थाट त्यात नाही.

परंपरेनुसार मोरयांचे आईवडील बीदरकडून मोरगावला आले आणि गणेशाच्या आराधनेनंतर त्यांना हा मुलगा झाला. नयन भारती हे मोरयांचे गुरू. थेऊरला तपश्चर्या करून ते पवनाकाठी आले, प्रथम ताथवड्याला राहिले आणि नंतर चिंचवडला स्थिरावले. शेवटी मार्गशीर्ष वद्य षष्ठीला त्यांनी संजीवन समाधी घेतली. दरवर्षी या तिथीला समाधी उत्सव भरतो आणि त्यांची पदे गायली जातात.

तिथी नक्की असली तरी वर्षाबद्दल एकमत नाही. देवस्थानाची परंपरा समाधीचे वर्ष शके १४८३, म्हणजे इसवी सन १५६१, सांगते. अभ्यासकांनी त्यांचा काळ चौदाव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत वेगवेगळा धरला आहे. या वादात देवळातला शिलालेख महत्त्वाचा ठरतो. शके १५८० च्या कार्तिकात, विलंबी संवत्सरात, बांधकाम सुरू झाले आणि पुढच्या वर्षी, विकारी संवत्सरातल्या आषाढात, ते पुरे झाले, असे तो नोंदवतो. म्हणजे वास्तू १६५८-५९ ची. लेखातून मोरयांचे समाधीवर्ष कळत नाही, देवळाचे कळते. पण त्याने एक प्रश्न उभा राहतो. समाधी १५६१ ची असेल, तर दगडी देऊळ बांधायला जवळजवळ शंभर वर्षे का लागली? आणि १६५० मध्ये वैकुंठवासी झालेल्या तुकोबांची मोरयांच्या पुत्राशी भेट झाली, ही आख्यायिका त्या वर्षाशी कशी जुळते? मोरयांना सतराव्या शतकात ठेवणाऱ्या अभ्यासकांचे म्हणणे या दोन्ही ठिकाणी सोपे जाते. परंपरेचे वर्ष मानणारे मोरयांच्या आणि पुत्राच्या दीर्घायुष्याचा आधार घेतात. निर्णय श्रोत्यांवर सोडून दोन्ही बाजू पुराव्यांसह मांडणे एवढेच फेरीत करता येते.

गाव इथेच का वसले, याचे उत्तर नदी देते. लोणावळ्याच्या दक्षिणेला सह्याद्रीत उगम पावून पवना मावळातून वाहत येते, शहराच्या मध्यातून जाते आणि दापोडीजवळ मुळेला मिळते. बारमाही पाणी, काठची सुपीक जमीन आणि स्नानसंध्येसाठी घाट यांमुळे जुनी वस्ती काठालगत राहिली. धनेश्वराचे देऊळही याच काठावर आहे. १९७२ मध्ये मावळात पवना धरण पूर्ण झाल्यावर नदीचे काम बदलले. कारखान्यांच्या आणि नव्या वसाहतींच्या नळाला येणारे पाणी मुख्यतः याच धरणाचे, म्हणजे फेरीच्या पहिल्या थांब्यावरचे औद्योगिक शहर शेवटच्या थांब्यावरच्या नदीवर पोसले गेले. पावसाळ्यात धरणातून विसर्ग वाढला की समाधी मंदिरात पाणी शिरते. उरलेल्या वर्षात मात्र सांडपाणी आणि जलपर्णी ही नदीची मोठी दुखणी आहेत.

फेरी आखताना

सर्व थांबे धरून ही फेरी निवांत चालीने अडीच-तीन तासांत पुरी होते. सकाळी लवकर निघाल्यास चापेकर चौकातली रहदारी कमी लागते आणि देवळात सकाळच्या पूजेची वेळ साधते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये पवनेला पूर असताना नदीकाठचा टप्पा वगळावा. संकष्टी, अंगारकी, गणेशोत्सव आणि मार्गशीर्षातला समाधी उत्सव या दिवशी गर्दीमुळे थांबून बोलणे जमत नाही. त्या दिवसांत उत्सव पाहावा, इतिहास दुसऱ्या दिवशी ऐकावा. समाधी मंदिर आणि वाडा ही चालती देवस्थाने आहेत. पादत्राणे, छायाचित्रे आणि गाभाऱ्यातला प्रवेश यांबाबतचे तिथले नियम पाळावेत, गट पंधरा-वीस जणांहून मोठा नसावा आणि निवेदन आवारात करण्याऐवजी बाहेर उभे राहून करावे.

मार्गदर्शकाचे खरे काम मात्र पुराव्यांची प्रतवारी लावण्याचे. चिंचवडला शिलालेख, सनदा, न्यायालयीन नोंदी, आत्मवृत्त, परदेशी पाहुण्यांचे वृत्तान्त आणि पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या कथा अशी सगळी साधने हाताच्या अंतरावर आहेत. रँडच्या वधाची तारीख आणि ताटातल्या फुलांची कथा एकाच सुरात सांगितली, तर ऐकणाऱ्याला दोन्ही सारख्याच खऱ्या किंवा सारख्याच खोट्या वाटू लागतात. ‘शिलालेखात असे आहे’, ‘कागदात असे आहे’ आणि ‘भक्त असे मानतात’ ही तीन वाक्ये प्रत्येक थांब्यावर वेगळी ठेवली की श्रद्धेचा अवमान न होता इतिहास सांगता येतो. ज्यांना याच पट्ट्यातली दुसरी फेरी हवी असेल, त्यांच्यासाठी चाकणचा भुईकोट किल्ला संग्रामदुर्ग आहे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी तो शाइस्ताखानाच्या फौजेविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला आणि सुरुंगाने बुरूज उडाल्यावरच तो पडला. चिंचवडहून तो वाहनाने तासाभराच्या टप्प्यात येतो, त्यामुळे सकाळी एक आणि दुपारनंतर दुसरी अशा दोन्ही फेऱ्या एका सुटीच्या दिवशी करता येतात.